जावे की राहावे?

शास्त्रपाठ : २ राजे ४:८-३७, २ राजे ८:१-६, लूक १४:२८-३०



उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना बाजूला घेऊन बोलणारा माणूस बहुधा तीन गोष्टींपैकी एकीविषयी बोलतो : घरातले आजारपण, मुलीचे लग्न, किंवा नोकरी. नोकरीचा प्रश्न पूर्वी ‘ती मिळेल का?’ एवढाच असे. आता पुष्कळदा तो निराळा असतो. नोकरी आहे, घर चालले आहे; पण दूरच्या शहरातून जास्त पगाराचे बोलावणे आले आहे. जावे की राहावे? प्रार्थना करा, असे तो बंधू सांगतो.

प्रार्थना अवश्य करावी. परंतु कित्येकदा मनातला निर्णय आधीच झालेला असतो आणि प्रार्थनेकडून आपल्याला नुसती सही हवी असते. म्हणून आज शास्त्रातल्या अशा एका स्त्रीकडे पाहू, की जी एकदा राहिली आणि एकदा गेली, आणि दोन्ही वेळा तिने योग्य तेच केले. तिचे नाव शास्त्रात दिलेले नाही. शुनेम गावची म्हणून आपण तिला शुनेमकरीण म्हणतो.

१. आपल्याजवळ काय आहे, हे तिला ठाऊक होते

शुनेम हे इस्साखार वंशाच्या वतनातले गाव. अलीशा संदेष्टा त्या वाटेने येई-जाई. ह्या बाईने त्याला जेवू घातले. पुढे पतीला सांगून माडीवर त्याच्यासाठी एक लहानशी खोली बांधवली आणि तीत खाट, मेज, बैठक व दिवा ठेवला. त्याची परतफेड म्हणून अलीशाने गेहजीच्या तोंडून तिला विचारले की, राजाजवळ किंवा सेनापतीजवळ तुझ्यासाठी शब्द टाकू काय? हे काही नोकरीचे बोलावणे नव्हते, हे खरे. पण दरबारी शब्द पडणे म्हणजे मोठेपणाचे दार उघडणे, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे. तिने काय उत्तर दिले? आपण आपल्या माणसांत राहत आहोत, एवढेच तिने सांगितले.

हे आळशी माणसाचे उत्तर नव्हे. पाहुण्यासाठी माडी बांधणारी बाई आळशी कशी असेल? हे भित्र्या माणसाचेही उत्तर नव्हे. जिने आपल्याजवळ काय काय आहे ते आधीच मोजून ठेवले होते, तिचे हे उत्तर आहे. म्हणूनच तिला ते चटकन देता आले. आपल्याला ते देता येत नाही, कारण आपण समोरून आलेला आकडा मोजतो. हातात असलेले मोजतच नाही.

प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. आधी खाली बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहते आणि लोक हसतात. तो दाखला शिष्यत्वाच्या किमतीविषयी आहे, हे मी विसरत नाही. पण हिशेब करणे म्हणजे अविश्वास नव्हे, हे त्यावरून समजावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत आपला एक बंधू मशीनवर काम करतो. पगार १९,००० रुपये. घर वडिलांचे, म्हणून भाडे नाही. पत्नी बालवाडीत शिकवते. तिचे ५,००० येतात. आई मधुमेहाने आजारी असून तिचे औषधपाणी ईएसआयच्या दवाखान्यातून चालते. अशात पुण्यापलीकडे चाकणच्या एका कारखान्यातून २९,००० रुपयांचे बोलावणे येते. दहा हजारांची वाढ! पण कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दोन खोल्यांचे भाडे ७,००० धरले आणि पत्नीची नोकरी सुटल्याने ५,००० गेले. बारा हजार झाले. म्हणजे जाण्यापूर्वीच महिन्याला दोन हजारांची तूट! शिवाय ईएसआयसाठी पगाराची मर्यादा २०१७ साली २१,००० रुपये ठरली. त्याहून अधिक पगारावर नव्याने लागणारा कामगार त्या योजनेत येत नाही. म्हणजे पगार वाढला, की पुढे आईची औषधे खिशातून आणावी लागणार. नवा मालक विमा देत असेल, तर त्यात आईवडील धरले आहेत काय, हे जाण्याआधी विचारले पाहिजे.

आणखी दोन गोष्टी आपले कामकरी बंधू विसरतात. कायम कामगाराला ग्रॅच्युइटी मिळते ती सलग ५ वर्षे भरल्यावर, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार ह्या हिशेबाने. तीन वर्षांवर नोकरी सोडली, तर ती हातची गेली. दुसरे फंडाविषयी. पेन्शन मिळण्यासाठी १० वर्षांची सेवा भरावी लागते. नोकरी बदलताना फंडाचे व पेन्शनचे पैसे काढून घेऊन खर्च केले, तर मागची वर्षे मोजणीतून जातात. खाते नव्या ठिकाणी वर्ग केले, तर ती टिकतात. जाणारच असाल, तर काढू नका, वर्ग करा.

प्रवचनात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण कुटुंबाची तरतूद न करणाऱ्याविषयी प्रेषित पौलाने तीमथ्याला किती कडक शब्दांत लिहिले आहे ते १ तीमथ्य ५:८ येथे वाचून पाहा. तरतूद म्हणजे केवळ पगार नव्हे. आईच्या उशाशी रात्री कोण बसणार, मुलाची शाळा मध्येच बदलून त्याला दुसऱ्या भाषेत शिकावे लागेल काय, शब्बाथ शाळेतला आपला वर्ग कोण घेणार, हेही त्याच कागदावर लिहिले पाहिजे. ह्यापुढे रुपयांचा आकडा घालता येत नाही. म्हणून ते लिहायचेच राहून जाते.

२. वेळ आली तेव्हा ती उठून गेली

येथेच थांबलो, तर हा उपदेश खोटा ठरेल. शुनेमकरीण प्रतिष्ठित, खाऊनपिऊन सुखी होती. जिच्या कणगीत धान्य आहे, तिला आपल्या माणसांत राहणे सोपे आहे. पण ज्या बंधूचा पगार तीन महिने झालेला नाही, ज्याच्या कारखान्याला टाळे लागले आहे, त्याला व्यासपीठावरून ‘संतुष्ट राहा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पुस्तक तेथे थांबत नाही. आठव्या अध्यायात अलीशा त्याच बाईला सांगतो की, सात वर्षांचा दुष्काळ येत आहे. ऊठ आणि जेथे राहता येईल तेथे जा. ती उठली आणि पलिष्ट्यांच्या देशात गेली. परका देश, परके देव! तरी ती गेली. आपली माणसे, आपले शेत, ती माडी, सर्व मागे ठेवून गेली. राहणे हे तिचे दैवत नव्हते.

आणि प्रियजनहो, आपण तरी कोण आहोत? इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील मराठी वस्ती अठराव्या शतकात होळकर, शिंदे आणि गायकवाड यांच्या दौलतीबरोबर तेथे गेली. १८७६ ते १८७८ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत दख्खनमधली किती कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली, हे इतिहासात नमूद आहे. पूर्वज उठून गेले म्हणूनच आपल्यापैकी पुष्कळजण आज जेथे आहेत तेथे आहेत. तेव्हा जाणे हे पाप आहे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये.

पण जाण्याजाण्यात फरक आहे. लोटही गेला. गुराख्यांचे भांडण झाले होते आणि त्याला वेगळे होणे भाग होते. त्यात त्याचा दोष नाही. दोष निवडण्यात होता. त्याने डोळे वर करून पाहिले, तो यार्देनेचा सगळा सखल प्रदेश पाण्याने भिजलेला दिसला, आणि तेवढ्यावरच त्याने ठरवले. गवत कसे आहे हे त्याने पाहिले. शेजारी कसे आहेत हे पाहिले नाही. प्रथम तंबू सदोमाच्या बाजूला, मग सदोमात घर. शेवटी घरही गेले आणि पत्नीही गेली. शुनेमकरीण हिरवळ पाहून गेली नाही. येथे दुष्काळ आहे आणि देवाच्या माणसाचे सांगणे आहे, म्हणून गेली. आपल्याला बोलावतो आहे तो खरा दुष्काळ की नुसती दुसऱ्याची हिरवळ, हे ज्याने त्याने देवापुढे प्रामाणिकपणे ओळखावे.

३. ती घराण्यासह आणि मुदतीने गेली

अलीशाने तिला एकटीला जायला सांगितले नाही. घराण्यासह जायला सांगितले. आपल्या मंडळ्यांत अशी घरे आहेत, की जेथे वडील आखाती देशात किंवा मोठ्या शहरात असतात, पैसे वेळेवर येतात, घराला स्लॅब पडतो. आणि मुलगा मात्र वडिलांना फोनवरच्या आवाजाने ओळखतो. कधी दुसरा उपाय नसतो, हे मान्य. पण उपाय नाही म्हणून वेगळे राहणे निराळे, आणि सोयीचे आहे म्हणून वेगळे राहणे निराळे.

मग मुदत. सात वर्षे सरल्यावर ती परत आली. आपणही जाताना कागदावर तारीख लिहावी : दोन वर्षांनी पतिपत्नी पुन्हा बसून विचार करू. ज्याने तारीख लिहिली नाही, त्याचे ‘पुढच्या वर्षी परत’ हे कधी येत नाही.

ती परतली, तो घर आणि शेत दुसऱ्यांच्या ताब्यात! दाद मागायला ती राजाकडे गेली. पाहा, त्याच वेळी गेहजी राजाला तिच्याच मुलाची हकीगत सांगत होता. राजाने तिचे सर्व परत देवविले, ती गेली त्या दिवसापासूनच्या शेताच्या उत्पन्नासह. राजाजवळचा जो शब्द तिने मोठेपणासाठी घेतला नव्हता, तो गरजेच्या दिवशी न मागता तिच्या कामी आला. आपल्या माणसांत असताना तिने जे प्रेमाने केले, ते ती नसतानाही तेथे उभे राहिले होते.

तरी एक गोष्ट विसरू नका. आपल्या माणसांत राहत असतानाच तिचा एकुलता मुलगा तिच्या मांडीवर मरण पावला होता. देवाने तो परत दिला. पण राहिल्याने दुःख टळले नव्हते. तेव्हा आपली सुरक्षितता जुन्या नोकरीत नाही आणि नव्या पगारातही नाही. ती दोन्ही ठिकाणी सोबत असणाऱ्या परमेश्वरात आहे.

आता दोन शब्द मंडळीसाठी. जो जातो, त्याला तेथल्या मंडळीच्या नावे पत्र देऊन पाठवा आणि मागे राहिलेल्या त्याच्या आईवडिलांच्या घरी रविवारी कोणीतरी जाऊन या. जो राहतो, त्याला ‘अजून तेथेच का?’ असे विचारू नका. त्याने कोणासाठी वाढ नाकारली, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात वडील दूर असलेली मुले आहेत. त्यांना सर्वांदेखत ‘पप्पा का आले नाहीत?’ असे विचारू नका. नाताळाच्या कार्यक्रमात त्यांच्याकडे अधिक लक्ष द्या.

जावे की राहावे, ह्याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर मी देऊ शकत नाही. पण उत्तर देण्यापूर्वी तीन प्रश्न पतिपत्नीने एकत्र बसून, मोठ्याने वाचून, एकमेकांना विचारावेत. आपल्याजवळ आज काय आहे? आपल्याला येथून उठवतो आहे तो दुष्काळ की हाव? आणि गेलो, तर कोणाला घेऊन आणि किती दिवसांसाठी? ह्या तिन्हींची उत्तरे झाल्यावर मग पगाराचा आकडा पाहावा.

प्रार्थना करू : हे प्रभो, जे राहतात त्यांना कुरकुरीपासून राख, आणि जे जातात त्यांना एकटे पाठवू नकोस. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांची आणि लेकरांची तू आठवण ठेव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.