ट्रकच्या रांगेतली आरव्ही

अमेरिकेत इंटरस्टेट महामार्ग सोडून रेस्ट एरियाकडे वळलं की थोड्याच अंतरावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर मोटारींची पाटी असते, दुसऱ्यावर ट्रक आणि आरव्हींची. आरव्ही म्हणजे बिछाने, शेगडी, संडास-बाथरूम असं सगळं बिऱ्हाड पोटात घेऊन धावणारी गाडी. मोटारीसाठी आखलेल्या चौकटीत ती मावत नाही, म्हणून तिला ट्रकच्या रांगेत धाडलेलं. तिथे ती उभी राहिली तर नियमाने काहीच बिघडत नाही. तरीही रात्री दहानंतर त्या रांगेत कुणीतरी तिच्याकडे रागाने बघत असतं, आणि त्या रागाला कारण असतं.

बघणारा असतो ट्रक-ड्रायव्हर. कायद्याने त्याला एका पाळीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, तीही कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आत; मग सलग १० तास सक्तीची विश्रांती. पूर्वी या नोंदी वहीत असत आणि वहीत थोडं इकडचं तिकडे करता येई. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांत इंजिनाला जोडलेलं यंत्रच हा हिशेब ठेवतं. अकरावा तास सरत आला की ‘आणखी वीस मैल जाऊन बघू’ म्हणायची सोय राहत नाही. रांगेतून एक फेरी मारायची, जागा दिसली नाही तर बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या कडेला, अंधारातच, सत्तर फुटी धूड लावून पडदे ओढायचे. फेडरल महामार्ग प्रशासनाच्या २०१९ च्या पाहणीत ९८ टक्के ड्रायव्हरांनी सुरक्षित जागा शोधताना अडचण येते असं सांगितलं. बाकीचे दोन टक्के कुठल्या रस्त्याने जातात कोण जाणे.

ही अडचण केवळ झोपमोडीची नाही. मार्च २००९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातला जेसन रिव्हनबर्ग हा ड्रायव्हर दुधाचा ट्रक घेऊन साउथ कॅरोलायनात पोचला, पण माल उतरवायच्या वेळेच्या आधी. गोदामात लवकर शिरता येत नव्हतं. जवळच्या एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या आवारात तो थांबला आणि तिथेच लुटारूने त्याला गोळ्या घातल्या. हाती लागले ७ डॉलर. त्याची बायको होप तेव्हा जुळ्यांची आई होणार होती. तिने पुढची काही वर्षं वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवले. २०१२ च्या महामार्ग कायद्यात ‘जेसन्स लॉ’ आला, ट्रकसाठी सुरक्षित जागा वाढवायला त्याने वाट करून दिली, आणि वरची ती पाहणीही त्याच कायद्यामुळे झाली.

मग जागा वाढवत का नाहीत? जुने टोलरस्ते सोडले तर इंटरस्टेटच्या रेस्ट एरियात धंद्याला कायद्याने मनाई आहे. पंप नाही, हॉटेल नाही. फार तर वेंडिंग मशीन. कमाई शून्य आणि देखभाल सरकारच्या गळ्यात. तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा, २००९ मध्ये, व्हर्जिनियाने एका झटक्यात १९ रेस्ट एरिया बंद केले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा उघडले.

आता आरव्हीवाल्याकडे वळू. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याची आरव्ही घेऊन यलोस्टोनच्या वाटेला लागणाऱ्यांत मराठी कुटुंबंही असतात. भारतातून आलेले आजी-आजोबा, मागच्या सीटवर कंटाळलेली मुलं, कपाटात कुकर आणि पोह्यांचा डबा. अंधार पडतो, कॅम्पग्राउंड अजून दूर असतं, आणि तिथे रात्रीचे पन्नासेक डॉलर मोजावे लागणार असतात. रेस्ट एरिया फुकट. फ्लोरिडात तीन तास थांबता येतं, कॅलिफोर्नियात चोवीस तासांत आठ, ऑरेगनमध्ये बारा, टेक्ससमध्ये तर चोवीस. तंबू मात्र टेक्ससमध्येही ठोकायचा नाही.

गडबड होते ती थांबल्यावर. बटण दाबलं की आरव्हीची एक भिंत तीन फूट बाहेर सरकते आणि आतली खोली ऐसपैस होते. शेजारच्या चौकटीत मात्र ट्रक शिरेनासा होतो. गाडी समतल राहावी म्हणून खाली सोडलेले जॅक उन्हाने मऊ झालेल्या डांबरात रुततात. वर कापडी छत उघडतं, खुर्च्या येतात, कुणीतरी ग्रिल पेटवतं. अनुभवी आरव्हीवाले हे सगळं टाळतात. त्यांच्या संघटनांच्या शिष्टाचारात ते स्पष्ट सांगितलेलंही आहे: एकच रात्र, परवानगी घेऊन, खुर्च्या-छत-ग्रिल काही नाही, आणि निघताना जागा आपण आलो तेव्हापेक्षा स्वच्छ.

जनरेटरचं मात्र या यादीने भागत नाही. कॅम्पग्राउंडवर रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळली की माणूस सभ्य ठरतो. रेस्ट एरियात हे घड्याळ लागू पडत नाही, कारण रात्रभर गाडी हाकून आलेला ड्रायव्हर सकाळी दहालाही गाढ झोपलेला असू शकतो. त्याच्या डोक्याशी कुणाचा मायक्रोवेव्ह चालावा म्हणून जनरेटर घरघरत राहतो. यावर आरव्हीवाले शीतपेटीच्या ट्रककडे बोट दाखवतात: तो नाही का रात्रभर धडधडत? धडधडतो, पण ते मशीन थांबलं तर मागचा माल नासेल. दोन्ही आवाज कानाला सारखेच लागतात म्हणून काही ते एका पारड्यात घालायचे नसतात.

एवढ्यावरून ट्रकवाला गरजू आणि आरव्हीवाला चैनी, असा निवाडा देऊन मोकळं होता येत नाही. हजारो अमेरिकी लोकांचं घरच आता व्हॅन किंवा आरव्ही आहे; जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’मध्ये आणि त्यावरच्या चित्रपटात, पेन्शन पुरेना म्हणून चाकांवर राहणारी साठीपुढची माणसं भेटतात. त्यांना पन्नास डॉलर म्हणजे आठवड्याचा किराणा. शिवाय सुट्टीवर निघालेल्या बापाचेही डोळे मिटायला लागले असतील तर त्याने थांबलंच पाहिजे. डुलकी लागलेला ड्रायव्हर कोणत्या गाडीत बसलाय याने समोरच्याला फरक पडत नाही.

पण बहुतेक वेळा आरव्हीवाल्याच्या हातात असतं ते वेळापत्रक, आणि ट्रकवाल्याच्या हातात नेमकं तेच नसतं. दुपारी एकला याच रांगेत बरीच जागा मोकळी असते. तेव्हा दोन तास ताणून द्यावेत, मुलांना गवतावर सोडावं, आणि संध्याकाळी ट्रक आत यायला लागण्याआधी गाडी हलवावी. रात्रीसाठी दुपारीच फोन करावा. वॉलमार्टची काही दुकानं आवारात एक रात्र थांबू देतात, पण ते त्या दुकानाच्या मॅनेजरवर आणि गावच्या नियमांवर अवलंबून, म्हणून आधी विचारलेलं बरं. मोठ्या ट्रक-स्टॉपवर आरव्हींसाठी पैसे देऊन मिळणाऱ्या वेगळ्या जागा वाढताहेत. आणि काहीच जमलं नाही, रात्री अकराला रेस्ट एरियातच शिरावं लागलं, तर मागे मोटार जोडली असेल ती सोडवून मोटारींच्या बाजूला लावता येते, भिंत आत ठेवून झोपता येतं, आणि शेवटची लांब चौकट मागून येणाऱ्या ट्रकसाठी सोडता येते. त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तीही पोरं झोपेला आलेली असताना.