ओळींमधली जागा

कोथरूडमध्ये घरी बसून दिवाळी अंकाची पानं लावणाऱ्या तरुणांनो, जोसेफ म्यूलर-ब्रोकमन यांचं १९८१चं ग्रिडवरचं पुस्तक जरूर वाचा. स्तंभ आणि समास यांची शिस्त त्यातून कळते. पण शेजारी बापूराव नाईकांचा १९७१चा ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा ग्रंथ हवाच! शासकीय मुद्रणाचा कारभार पाहिलेल्या या माणसानं आपल्या लिपीचा केवढा अभ्यास मांडून ठेवलाय. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार. खाली उकार, जोडाक्षरं. रोमनच्या मापानं ओळी बसवल्या, की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला भिडतो आणि वाचणाऱ्याचे डोळे शिणतात, आजी-आजोबांचे तर फारच. आज नवं पान घ्याल, तेव्हा आधी ओळींमधलं अंतर ठरवा; चित्राची जागा मग शोधा.