कुंभाराचे गाढव

आपल्याकडच्या नैयायिकांनी कार्यकारणभावाचा काथ्याकूट करता करता एका गाढवाला अमर करून ठेवले आहे. कुंभार घट घडवतो. घटाच्या आधी माती हवी, चाक हवे, चाक फिरवायला दांडा हवा. ही त्याची कारणे. पण माती ज्याच्या पाठीवरून आली ते गाढवही घटाच्या आधी तेथे हजर होतेच की! मग त्यालाही कारण का म्हणू नये? नैयायिक म्हणतो, नाही. माती माणसाने डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. गाढव हजर होते, एवढेच; ते 'अन्यथासिद्ध'. 'भाषापरिच्छेदा'त अशी पाच अन्यथासिद्धे सांगितली आहेत आणि त्यांत कुंभाराच्या बापालाही कारणांच्या पंगतीतून उठवले आहे.

हे शास्त्र रुक्ष वाटते खरे; पण घरातले कपडे धुण्याचे यंत्र पोटात पाणी घेऊन हटून बसते, त्या दिवशी त्याची किंमत कळते. आत साबणाचे गढूळ पाणी, त्यात बुडालेले कपडे, आणि पाणी आहे तोवर दारही उघडत नाही. अशा वेळी घरातला पहिला प्रश्न 'काय झाले?' हा नसतो. तो असतो, 'शेवटी कोणी लावले होते?' आणि हाताला नेमके गाढव लागते.

यंत्राला मात्र 'कोणी' हा प्रश्न समजत नाही. त्याला 'काय' असेच विचारावे लागते, आणि तेही क्रमाने. पाणी बाहेर नेणारी नळी मागे भिंतीशी दबून मुडपली आहे का? तिचे टोक मोरीतल्या पाइपात इतके घट्ट बसले आहे का, की हवेला वाटच नाही? साबणाची पूड हात सैल सोडून टाकली असेल तर पंप पाण्याऐवजी फेसच घुसळत बसतो. मग यंत्राचे बटण बंद करून, प्लग काढून, पाणी गरम असेल तर ते निवू देऊन, पुढच्या बाजूला खाली असलेले झाकण उघडावे. तेथे गाळणी असते. खाली परात आणि फडके हवेच, कारण अडलेले पाणी तेथूनच येते. गाळणीमागे पंपाची लहानशी पाती दिसतात. ती फिरतात की काही अडकले आहे, ते पाहावे. पंप नुसता घरघरत असेल तर बहुधा काहीतरी अडकलेले असते. मुळीच आवाज नसेल तर मात्र कारागिराला बोलवावे.

मला सर्वांत आवडते ती एक साधी परीक्षा. मोरीच्या पाइपातून नळी काढून, तेवढ्याच उंचीवर धरून, तिचे तोंड बादलीत सोडावे आणि यंत्राला पाणी फेकायला लावावे. बादलीत धार जोरात पडली तर यंत्र निर्दोष. तुंबली आहे ती मोरी. शास्त्री ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच, फक्त पायजमा दुमडून करावा लागतो.

आमच्या परिचयाच्या एका घरी हा क्रम उलटा झाला. तेथे कामाला येणाऱ्या बाईंना सारे 'मावशी' म्हणतात. यंत्र अडले त्या दिवशी कपडे त्यांनी लावले होते. "मावशी, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार," असे त्यांना ऐकवण्यात आले, आणि दुरुस्तीचे पैसे पगारातून वळते करण्याचे ठरले. "ताई, मी रोजचंच बटण दाबलं हो," यापलीकडे त्या काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी कारागीर आला, त्याने गाळणी काढली, आणि आतून निघाले दोन रुपयांचे नाणे, केसांचा एक आकडा आणि शाळेच्या पेन्सिलीचा तुकडा. पाणी भडाभडा वाहून गेले.

कोणी म्हणेल, कारणेच शोधत बसलात तर अपराध असा कोणाचा उरणारच नाही. सारा दोष नाण्याचा! हा आक्षेप मला हलका वाटत नाही. 'पंप बिघडला' एवढे म्हणून हात झटकणे सोपेच असते. नाणे आपल्या पायांनी चालत गाळणीत गेले नाही. पण ते कोणाच्या खिशातले, हे त्या घरात आजवर ठरलेले नाही. कारण खिसे चौघांचे आहेत आणि चौघांपैकी कोणालाही ते आठवत नाही. दोष खरा आहे, पण तो चार ठिकाणी इतका पातळ पसरला आहे की पगार कापायला तो कुठे घट्ट सापडतच नाही. तो घट्ट सापडतो गाढवापाशी. कारण गाढवाला उलट बोलण्याची सोय नसते. मला अन्याय दिसतो तो येथे. तो तर्काचा दोष नसून आपल्या सोयीचा आहे. घरधन्याने शेवटी यंत्र लावले असते तर 'कोणी' हा प्रश्न इतक्या तातडीने विचारला गेला असता का?

पगार पुरा मिळाला. बाईसाहेब मनाने चांगल्या. त्यांनी दिलगिरीही दाखवली, आणि मावशींनी 'जाऊ द्या हो ताई' म्हणून ती घेतली. पण तेव्हापासून मावशी कपडे यंत्रात टाकण्याआधी प्रत्येक खिसा ताईंच्या डोळ्यांसमोर उलटा करतात. निघालेली नाणी, चिठ्ठ्या, आकडे स्टुलावर ओळीने मांडतात, आणि "बघून घ्या" म्हणतात. यंत्र त्यानंतर एकदाही अडलेले नाही. ताईंना मात्र ते स्टूल बघवत नाही. आणि 'असं करू नका' असे कोणत्या तोंडाने सांगावे, हेही त्यांना सुचत नाही.