समोरनं येणाऱ्याचा प्रश्न

‘माझी गाडी, माझा जीव’ हे वाक्य जतच्या गॅरेजात मी अनेकदा ऐकलंय. आमच्या जुन्या मारुती 800 चा बॉल जॉइंट बदलताना त्यातली गोम कळली.

जॉइंटवरचं रबर फाटलं की ग्रीस जातं, आमच्याकडची धूळ आत शिरते, गोळी झिजते. पिन तर गंजून जाम. मिस्त्रींनी आधी आडवा बोल्ट पूर्ण बाहेर काढला. (तो पिनेच्या खाचेतून जातो, नुसता ढिला करून लोक उगाच हातोडे मारत बसतात.) मग डिझेल सोडलं, फटीत छिन्नी ठोकली. दीड तास गेला.

शेजारी थांबलेल्या एकाच्या गाडीचंही तेच दुखणं. सकाळी आईला मिरजेला दवाखान्यात न्यायचं, हातात पैसे नाहीत. ‘तसंच जोडून द्या, हळू चालवतो.’

मिस्त्री म्हणाले, ‘जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतंय. समोरनं येणाऱ्यानं काय केलंय?’

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जोखीम वापरणाऱ्याच्या संमतीवर ढकलतो. त्यानं चौकटीत खूण केली की आम्ही मोकळे. रस्त्यावरच्या मोटारसायकलवाल्याची संमती कोण घेणार? मिस्त्रींचं मला पटलं. पण नुसतं ‘नाही’ म्हणून हात झटकले असते तर पटलं नसतं, कारण आईचा दवाखाना त्या नकारात अडकला होता. त्यांनी नवा जॉइंट बसवला आणि ‘शाळू निघाल्यावर द्या’ म्हणाले.

पार्ट मात्र त्यांना सांगलीहून रोखीनंच आणावा लागतो.