वरचे न्यायालय अधिक खरे असते का?

नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला एखादा भाडेकरू खोली रिकामी करण्याच्या दाव्यात हरला, तर तो ठाण्याच्याच जिल्हा न्यायालयात अपील करतो. भाडे नियंत्रण कायद्याने अपिलाची वाट तिथेच संपवली आहे. त्यापुढे मुंबईला उच्च न्यायालयात दाद मागता येते, पण ते सहसा पुरावा नव्याने तोलत नाही. खालच्या न्यायालयाने अधिकाराची मर्यादा सोडली का, हे पाहते. साक्षीदाराचे अडखळणे प्रत्यक्ष पाहिलेला न्यायाधीश सगळ्यांत खालचाच. वर जावे तसा माणूस दिसेनासा होतो, कागद उरतो. तरीही शब्द वरच्याचाच चालतो. तो सत्याच्या अधिक जवळ असतो म्हणून चालतो, हे उत्तर मला पटत नाही. आणीबाणीत स्थानबद्धांना न्यायालयाची दारे बंद नाहीत, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते चार विरुद्ध एक मतांनी उलटवले. चौघांत यशवंत चंद्रचूड होते. विरोधात एकटे हंसराज खन्ना. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरवला, आणि तसे लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. म्हणजे एकेचाळीस वर्षे निर्णय वरच्यांचा उभा होता आणि बरोबर खालचे होते.

मग ही उतरंड हवी कशाला? आपल्या धर्मशास्त्राला हा प्रश्न नवा नव्हता. याज्ञवल्क्यस्मृतीत कुळ, श्रेणी (एका व्यवसायाच्या लोकांचा संघ), पूग (एका गावच्या लोकांचा समूह) आणि राजाने नेमलेले अधिकारी असा निवाडा करणाऱ्यांचा चढता क्रम आहे. कुळाचा निवाडा न पटलेल्याने श्रेणीकडे जावे, पण वरून खाली येऊ नये, असा त्याचा अर्थ या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका लावते. त्याच स्मृतीत, चुकीचा ठरलेला निवाडा राजाने पुन्हा पाहून सभासदांना आणि जिंकलेल्या पक्षालाही दुप्पट दंड करावा, असेही आहे. (आजच्या न्यायाधीशांनी हे कलम गेल्याबद्दल सुटकेचा श्वास सोडावा.) निवाडा करणारा चुकू शकतो, हे इथे गृहीतच आहे. वरच्याचे मोल माझ्या मते एवढेच, की तो भांडणात गुंतलेला नाही आणि खालच्याला आपली कारणे त्याच्यापुढे टिकतील अशी लिहावी लागतात.

यावर कोणी म्हणेल, अंतिमता ही निव्वळ सोय असेल, तर अन्यायी निकाल पाळायचा का? हुकूम पाळणे आणि तो खरा मानणे या दोन गोष्टी आहेत. अंतिम निकाल बेलिफाचा हात हलवतो, बुद्धीला बांधत नाही. म्हणून तर खन्नांचे एकट्याचे मत निकालपत्रातच छापलेले राहते. उलट बाजूचा आक्षेप अधिक जड आहे: चूक शक्य असेल तर दार कायम उघडे ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आपलाच अंतिम निकाल पुन्हा तपासण्यासाठी उपचारात्मक याचिकेची फट ठेवली, तीही मुद्दाम अरुंद. कारण दार सताड उघडे राहिले तर आत येतो तो पैसेवाला पक्षकार, आणि खोलीचा ताबा मागणाऱ्याचा नातूही तारखाच मोजत बसतो. शेवट हवाच, पण तो उशिरा सुधारला तर कोणाच्या कामी येतो, हेही पाहावे. २०१७चा निकाल कायद्याला मिळाला. १९७६ साली कोठडीत असलेल्यांची सुटका कोणत्याही अपिलाने नव्हे, १९७७च्या निवडणुकीने झाली होती.