वजाबाकीचा न्याय

कोण किती तेजस्वी हे ठरविण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. प्राचीन ग्रीक ज्योतिष्यांनी ताऱ्यांच्या सहा प्रती केल्या. ठळक ते पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. पुढे मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झालेल्या पॉगसनने १८५६ साली या प्रतींना गणिताची शिस्त लावली. पाच प्रतींचे अंतर म्हणजे शंभर पट उजेड, असे त्याने ठरविले. आम्ही शिक्षक तरी दुसरे काय करतो? पहिला नंबर, दुसरा नंबर, आणि ज्यांचा नंबर कोणी विचारीत नाही ते.

पण ज्योतिष्याची मोजण्याची रीत आमच्याहून न्यायी आहे. जुन्नरजवळ गिरवलीला २००६ पासून पुण्याच्या ‘आयुका’ची दुर्बीण आहे, तिचा आरसा दोन मीटर व्यासाचा. अशा दुर्बिणीच्या चित्रात तारा बिंदूसारखा उमटत नाही. हवेच्या थरथरीने त्याचा ठिपका पसरतो. त्या ठिपक्यातील उजेडाचा मध्य काढला की ताऱ्याची जागा कळते. तेज मोजताना मात्र आणखी एक गोष्ट करावी लागते. ठिपक्याभोवती वर्तुळ कल्पून आतला सारा उजेड मोजला, तरी तो सगळा ताऱ्याचा नसतो. रिकाम्या दिसणाऱ्या आभाळालाही स्वतःचा मंद उजेड असतो. म्हणून बाहेरच्या कड्यातले आभाळ मोजून तेवढा उजेड वजा करतात. शेजारी एखादा प्रखर तारा असेल, तर त्याचे सांडलेले तेजही वेगळे काढतात. मग उरते ते त्या ताऱ्याचे.

माणसे जोखताना ही वजाबाकी आपण करतो काय? शिरोड्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात एक मुलगा पुस्तकांनी भरलेल्या घरातून येतो, दुसरा पहाटे रापण ओढून. पहिल्याला ऐंशी गुण, दुसऱ्याला पन्नास. त्या ऐंशीत आभाळ किती आणि तारा किती?

कोणी म्हणेल, मग दुसऱ्याला दहा गुण दयेचे द्यावेत! मुळीच नाही. चुकलेले उत्तर चूकच. ज्योतिषी मंद ताऱ्याला नसलेला उजेड बहाल करीत नाही. वजाबाकी ही दया नव्हे, ती अचूकपणाची अट आहे. पण आकडा लिहिल्यावर तो शेजारी आणखी एक आकडा लिहितो: आपले मोजमाप किती चुकलेले असू शकेल त्याचा. तारा जितका मंद, तितकी ही शंका मोठी. आमच्या गुणपत्रकात शंकेचा रकानाच नसतो. आणि ज्या मुलाविषयी ती सर्वांत अधिक बाळगावी, त्याच्याविषयीच आम्ही सर्वांत निःशंक असतो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे दक्षिणेकडे पाहावे. वर व्याध, खाली क्षितिजाच्या बाजूला अगस्त्य. व्याध अधिक झळकतो, कारण तो अवघ्या ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर. त्याचे खरे तेज व्याधाच्या शेकडो पट आहे. व्याधाचा पहिला नंबर खोटा नाही. तो आपल्या अंगणातून दिलेला आहे, एवढे मात्र विसरू नये.