खडकावरची सोनकी



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:१-२३) पेरणाऱ्याचा दाखला आहे. तीन वर्षांपूर्वी, आधीच्या धर्मग्रामात, याच दाखल्यावर बोलताना मी खडकाळ जमिनीची उदाहरणे दिली : मिस्साला न येणारे, दारूच्या आहारी गेलेले. मिस्सानंतर एक मावशी साक्रिस्तीत आल्या. म्हणाल्या, "फादर, माझा मुलगा दोन वर्षं देवळात आला नाही. पण त्याला खडक नका म्हणू." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्याच वर्षी सप्टेंबरात युवकांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो. काळ्या कातळावर, जेमतेम बोटभर माती असलेल्या जागी सोनकी फुलली होती. लहानसे रोप, पिवळीधमक फुले. शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. लॅटिनमध्ये 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा. फूल सुकले की बियांवर पांढरे केस येतात, म्हणून हे नाव. त्या केसांच्या जोरावर बी वाऱ्याने उडते आणि दुसऱ्या भेगेत जाऊन पडते. पावसाळा सरला की रोप मरते. मग कितीतरी महिने तिथे नुसता तापलेला दगड. पाऊस आला की पुन्हा अंकुर!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना 'बीजात वृक्ष असतो' यावर मी पानेच्या पाने लिहिली होती. माणसाकडे पाहताना मात्र ते विसरलो.

मग प्रभूचा दाखला चुकीचा का? मुळीच नाही. मूळ न धरलेले रोप उन्हात करपतेच. परंतु कोणाला खडक म्हणायचे, हे काम प्रभूने आपल्यावर सोपवलेले नाही. आणखी एक गोष्ट पाहा. वसईचा कोणताही शेतकरी दगडावर बी फेकणार नाही. हा पेरणारा फेकतो. तो हात आखडत नाही.

आपल्या वाड्यांची माती तरी आयती मिळाली का? वाडवडिलांनी शेणखत घातले, बावखलाचे पाणी शिंपले, तेव्हा ती कसदार झाली. कातळावरही माती अशीच जमते. शेवाळ, गवत, सोनकी तिथेच कुजतात आणि पुढच्या रोपासाठी चिमूटभर माती ठेवून जातात.

आपल्या घरात, आळीत आपण कोणाला खडक ठरवले आहे? या आठवड्यात त्याच्याकडे जा. उपदेश नको. विचारपूस करा, सोबत चहा घ्या. तेवढी चिमूटभर माती पुरे.

पुढच्या पावसाळ्यात त्या मावशी आजारी पडल्या. मी ख्रिस्तप्रसाद घेऊन गेलो. दार मुलाने उघडले. परतताना धो धो पाऊस होता. तो रस्त्यापर्यंत माझ्यावर छत्री धरून आला. आम्ही काहीच बोललो नाही. तो आजही मिस्साला येतो की नाही, मला ठाऊक नाही. पण त्याला मी आता खडक म्हणत नाही.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू